आईचा गुडघा बदलला, तिसऱ्या दिवशी सीआरपी १६८ आलाय. घाबरायचं का?

कृष्णाकाठ | ६ जून, रात्री ११:५२

मंडळी, झोप येणार नाही हे कळून चुकलंय म्हणून इथे लिहितोय. आईचा (वय ६७, बारा वर्षांची शुगर, बीपीची एक गोळी) उजवा गुडघा ३ तारखेला मिरजेत बदलला. ऑपरेशन छान झालं म्हणाले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चाललीसुद्धा. आज सकाळी रक्त नेलं आणि संध्याकाळी रिपोर्ट थेट माझ्या मोबाइलवर येऊन पडला. सीआरपी (अंगात कुठे दाह आहे का ते सांगणारी रक्ताची तपासणी) १६८. शेजारी बारीक अक्षरात ० ते ५ लिहिलंय, म्हणजे ५ च्या आत हवा. आकडा लाल, पुढे वर जाणारा बाण. ऑपरेशनच्या आधी ४ होता. ईएसआर (तशीच आणखी एक तपासणी) तेव्हा ३२ होता, आता ५८. पांढऱ्या पेशी ११,८००.

ड्यूटीवरचा डॉक्टर "असतं असं" म्हणून पुढच्या खाटेकडे गेला. सर उद्या राउंडला येतील. तोवर मी मोबाइलवर शोधत बसलो आणि तिथे १०० च्या वर म्हणजे गंभीर जंतुसंसर्ग असं दिसतंय. बाबांना "नॉर्मल आहे" सांगून टाकलं. आत पू झाला असेल का हो?

निमगावकर | ७ जून, सकाळी ६:१०

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे एकाच वेळी केले होते. त्यांचा दोनशेच्या वर गेला होता. आता रोज देवळात जातात. धीर धरा.

सूक्ष्मदर्शक | ७ जून, सकाळी ७:०५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लॅबमध्ये हेच करते, म्हणून थोडं सविस्तर. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे जे काही लिहिते ते रक्ताच्या आकड्यापुरतं. गुडघा तुमच्या सर्जनना दिसतोय, मला नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही ऊतींना इजा झाली की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप सोडतात, तो यकृताला पोचला की यकृत सीआरपीचा कारखाना सुरू करतं. आता आईंच्या गुडघ्यात काय झालंय बघा. करवतीनं हाडाची टोकं कापली, छिद्रं पाडली, सिमेंट भरलं, धातू ठोकून बसवला. यकृताला सर्जनची करवत आणि जंतू यांतला फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की खाली मोठी नासधूस झालीय. म्हणून गुडघा बदलल्यावर सीआरपी चढतोच, कुणाचाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिखरावर असतो आणि तेव्हा शंभर-दोनशेच्या घरात जाणं नेहमीचं आहे. तुमचं रक्त नेमकं तिसऱ्या दिवशी घेतलंय.

म्हणजे १६८ हा आकडा "आज कितवा दिवस?" हे विचारल्याशिवाय वाचताच येत नाही. तोच १६८ तीन आठवड्यांनी आला असता तर मी स्वतः सर्जनना फोन केला असता.

त्या ० ते ५ शी तुलना करू नका. ती घरी बसलेल्या धडधाकट माणसाची पट्टी आहे. ज्याचं हाड परवा कापलंय त्याची नाही.

कृष्णाकाठ | ७ जून, सकाळी ७:२०

डॉक्टर, तुमचे पाय धरतो. सर आत्ताच येऊन गेले, जखम कोरडी आहे, ताप नाही, "आकड्यांकडे बघू नका, गुडघा वाकवायला लावा" म्हणाले. पण मग तपासतातच कशाला, जर वाढणारच असतो तर?

खवट_पुणेकर | ७ जून, सकाळी ९:३३

बिल वाढवायला. दुसरं काय.

सूक्ष्मदर्शक | ७ जून, दुपारी १:४८

खवटकाका, अगदीच खोटं नाही बोललात. रोज उठून सीआरपी करण्यात फारसा अर्थ नसतोच, आणि बरेच सर्जन सगळं सुरळीत असेल तर करतही नाहीत. पण एक आकडा आता आणि एक काही दिवसांनी असेल तर उतार दिसतो. खरी माहिती त्या उतारात असते.

सीआरपी रक्तात टिकतो थोडाच वेळ. त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तासांचं, आणि ते आजारी माणसात बदलत नाही. म्हणजे रक्तात किती आहे हे फक्त यकृत किती बनवतंय यावर ठरतं. कारखाना थंडावला की आकडा भराभर उतरायला हवा. चढला, उतरला आणि पुन्हा चढला, तर कुणीतरी कारखाना परत सुरू केलाय. ते कोण, हे मात्र सीआरपी सांगत नाही. गुडघ्यातले जंतू असतील, लघवीतले असतील, छातीतला कफ असेल, सलाइनच्या जागी हात सुजला असेल. धूर दिसतो, पण कुठल्या घरातून येतोय ते वरून कळत नाही.

आरएची_जुनी_मैत्रीण | ७ जून, दुपारी ३:१५

याला माझी पुस्ती. मला संधिवात आहे, तोही आमवाताचा, सतरा वर्षं. माझा सीआरपी एरवीच १८-२० असतो आणि थंडीत चाळीसही होतो. दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा बदलला तेव्हा माझ्या सर्जननी ऑपरेशनच्या आधीचे तीन रिपोर्ट मागवून घेतले. म्हणाले, तुमचा शून्य कुठे आहे ते मला आधी कळू दे. नंतर सहा आठवड्यांनी २२ आला तर सगळे खूश, कारण माझ्यासाठी तेच नॉर्मल.

आणि उलटही होतं. आमच्यातल्या काहींना टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन चालू असतं. ते त्या इंटरल्युकिन-६ चाच रस्ता अडवतं. मग जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी गप्प बसू शकतो. माझ्या एका मैत्रिणीला ऑपरेशनच्या आधी ते थांबवायला सांगितलं होतं. कृष्णाकाठ, तुमच्या आईंना हे लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या कुणाला असेल तर सर्जनना आवर्जून सांगा.

कृष्णाकाठ | ९ जून, रात्री ८:४०

अपडेट: आज सहावा दिवस, सीआरपी ८४. उद्या घरी सोडणार. पण ईएसआर ५८ वरून ७४ झाला! एक उतरतोय आणि एक चढतोय, हे काय गौडबंगाल?

सूक्ष्मदर्शक | ९ जून, रात्री ९:२६

गौडबंगाल काही नाही, दोघांचा स्वभाव वेगळा. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते बघायचं. एवढंच. इतकी साधी तपासणी की पोलंडच्या बिएर्नाकींनी १८९७ मध्ये ती लिहून ठेवली, आणि अजून आम्ही तीच करतोय. रक्तात फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, वाढलं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चवडीसारख्या होतात. चवड जड, ती लवकर बुडते. फायब्रिनोजेन रक्तात सीआरपीपेक्षा कितीतरी जास्त दिवस रेंगाळतं. त्यामुळे ईएसआर पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास शिखराला जातो आणि उतरायला महिने घेतो. रक्त कमी असलं तरी तो वाढतो, आणि ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन खाली गेलेलं असतंच. वय वाढलं की वाढतो, बायकांत मुळातच जास्त असतो.

थोडक्यात, पहिल्या दोन-तीन महिन्यांत ईएसआर ही लग्न लागून गेल्यावर पोचणारी आत्या आहे. रुसू नका, पण तिच्यासाठी मुहूर्तही थांबवू नका.

निमगावकर | ९ जून, रात्री ९:५०

आत्या!! 😂

लँकेशायरचा_पाऊस | १० जून, पहाटे २:३०

मी इथे इंग्लंडात फिजिओ आहे, वाचनमात्र असतो, पण धागा माझ्या दारातला निघाला. मी राहतो तिथून रायटिंग्टन हॉस्पिटल फार लांब नाही. जॉन चार्नलींनी १९६२ मध्ये आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा तिथेच बसवायला सुरुवात केली. सांधा जमला, पण सुरुवातीला त्यांच्या शंभरातल्या सातेक रुग्णांना जंतुसंसर्ग होत होता. मग हे गृहस्थ हवेच्या मागे लागले. ऑपरेशनच्या टेबलाभोवती काचेची खोली, वरून गाळलेली हवा, सर्जनच्या अंगावर त्याचा श्वास बाहेर ओढून नेणारा झगा. प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आणलं. आज ऑपरेशनच्या आधी प्रतिजैविकाचा डोस, स्वच्छ हवा वगैरे धरून जगभर साधारण एक-दोन टक्क्यांत हा प्रकार होतो.

सांगायचा मुद्दा, तुमच्या आईंच्या बाजूनं अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के आहेत. आणि फिजिओ म्हणून एक: गरम-सुजलेला गुडघा पहिले काही आठवडे सगळ्यांचाच असतो. बघायचं ते कालच्यापेक्षा आज कमी आहे का. मी माझ्या पेशंटना रोज एकाच वेळी दोन्ही गुडघ्यांवर हाताची मागची बाजू ठेवायला सांगतो. फुकट आहे, लाल बाणही येत नाही.

वाटाड्या | १० जून, सकाळी १०:१५

सगळे धीर देताहेत म्हणून विरस करायची इच्छा नव्हती. पण दुसरी बाजू इथे नोंदवली नाही तर हा धागा अर्धा राहील.

माझ्या वडिलांचा डावा खुबा बदलून दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्ष उत्तम. मग मांडीत खोल, बोथट दुखणं सुरू झालं. रात्री झोपेतसुद्धा. ताप नाही, सूज नाही, जखम इतकी सुंदर भरलेली की परिचारिका कौतुक करायच्या. आम्ही ज्यांच्याकडे जात होतो (नाव घेत नाही) त्यांनी सीआरपी केला: ६. ईएसआर २८. पांढऱ्या पेशी नॉर्मल. "रक्त स्वच्छ आहे, इन्फेक्शन नाही, कंबरेचं दुखणं असेल." कंबरेचा एमआरआय झाला, कंबरेत इंजेक्शन झालं. आठ महिने गेले.

शेवटी दुसऱ्या सर्जननी एक्स-रे बघितला, सिमेंटच्या कडेनं काळी रेघ दाखवली आणि म्हणाले, रक्तावर विसंबायचं नाही, सांध्यातलं पाणी काढायचं. पाण्यात पांढऱ्या पेशी ४,६००. प्रयोगशाळेला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की नमुना चौदा दिवस टाकू नका. पाचव्या दिवसापर्यंत काही उगवलं नाही. नवव्या दिवशी उगवलं. क्युटिबॅक्टेरियम. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहणारा, मुरुमांशी नाव जोडलेला गरीब जंतू.

ऑपरेशन झालं, खुबा काढला, तिथे प्रतिजैविक घातलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवला. सध्या वडील त्या तात्पुरत्या सांध्यावर आहेत. नसेतून औषधं चालू. म्हणून म्हणतो, सीआरपी वाढला म्हणजे इन्फेक्शन नव्हे हे बरोबरच, पण सीआरपी नॉर्मल म्हणजे इन्फेक्शन नाही हेही खरं नाही. आमची आठ महिन्यांची भटकंती त्या ६ च्या आकड्यावर झाली.

खवट_पुणेकर | १० जून, सकाळी ११:०२

वाटाड्या, वाईट वाटलं. बिलाचं मी उगाच बोललो.

सूक्ष्मदर्शक | १० जून, रात्री १०:४०

वाटाड्या, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. असं का होतं ते सांगते. क्युटिबॅक्टेरियम किंवा कातडीवरचा स्टॅफ एपिडर्मिडिस हे जंतू आक्रमक नसतात. धातूवर जाऊन बसतात आणि स्वतःभोवती एक बुळबुळीत थर विणतात, बायोफिल्म म्हणतात त्याला. पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर शेवाळं धरतं तसं. त्या थराखाली ते निवांत, हळूहळू वाढतात. शरीराशी भांडण इतकं हळू आवाजात चालतं की यकृतापर्यंत निरोप जेमतेम पोचतो. म्हणून सीआरपी गप्प.

पांढऱ्या पेशींच्या संख्येबद्दलही बोलून घेते, कारण घरोघरी लोक पहिल्यांदा तोच आकडा वाचतात. कृत्रिम सांध्याच्या जंतुसंसर्गात ती बहुतेक वेळा नॉर्मल असते. या कामासाठी ती तपासणी जवळजवळ निरुपयोगी समजा. प्रोकॅल्सिटोनिन नावाची महागडी तपासणी आयसीयूत सेप्सिससाठी उपयोगी पडते, पण सांध्यात दडून बसलेल्या जंतूंना तीही सहसा पकडत नाही.

निदान एका आकड्यावर करूच नये, म्हणून २०१८ मध्ये गुणांची पद्धत ठरवली गेली. जुन्या, मुरलेल्या दुखण्यासाठी सीआरपी १० च्या वर (मिलिग्रॅम प्रति लिटर) किंवा डी-डायमर ८६० च्या वर असेल तर २ गुण, ईएसआर ३० च्या वर असेल तर १. सांध्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी ३,००० च्या वर असतील तर ३. असं करत सहा झाले की जंतुसंसर्ग मानायचा. आता गंमत बघा: रक्ताच्या सगळ्या तपासण्या वाईट आल्या तरी बेरीज तीनच होते. नुसत्या रक्तावर सहा होतच नाहीत. पाणी काढावंच लागतं. आणि सांध्यापासून कातडीपर्यंत वाहणारी वाट पडली असेल, किंवा दोन नमुन्यांत एकच जंतू उगवला असेल, तर बेरीज-वजाबाकीची गरजच नाही.

रोजनिशी | ११ जून, दुपारी १२:२०

डी-डायमर तर कोविडमध्ये ऐकला होता ना? रक्ताच्या गुठळीचा? आमच्याकडे एक लॅब "सांधेरोपण पॅकेज" म्हणून सीआरपी, ईएसआर, डी-डायमर, इंटरल्युकिन-६ सगळं एकत्र विकतेय. घ्यावं का?

सूक्ष्मदर्शक | ११ जून, दुपारी २:०५

तोच. गुठळी विरघळताना उरणारा तुकडा. २०१७ मध्ये त्यावर बराच उत्साह होता, नंतरच्या अभ्यासांत एकवाक्यता राहिली नाही. ऑपरेशननंतर तो तसाही चढलेला असतो, पायात गुठळी असली तरी चढतो. इंटरल्युकिन-६ तत्त्वतः छान आहे, काही तासांत चढतो आणि दोन-तीन दिवसांत जागेवर येतो, पण महाग आणि सगळीकडे होत नाही. स्वतःहून पॅकेज घेऊ नका. सर्जन सांगतील तेवढंच करा. आणि "हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी" म्हणून जो असतो तो हृदयाच्या जोखमीसाठी बारीक आकडे मोजायला. गुडघ्यासाठी साधा सीआरपी पुरतो, स्वस्तही आहे.

हळदीचं_दूध | ११ जून, दुपारी ४:४४

रोज रात्री हळद घालून दूध द्या, सूज आणि सीआरपी दोन्ही उतरतात. स्वानुभव.

निमगावकर | ११ जून, सायंकाळी ५:०१

नाव बघून वाटलंच होतं.

कृष्णाकाठ | २४ जून, रात्री ७:३०

आनंदाची बातमी!! आज एकविसावा दिवस. टाके निघून आठवडा झाला. तासगावच्या लॅबमध्ये रक्त दिलं आणि सीआरपी २.४! १६८ वरून २.४! बाबांनी पेढे आणलेत. सगळ्यांचे आभार.

सूक्ष्मदर्शक | २४ जून, रात्री ७:४१

पेढे खा, पण रिपोर्टवर आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते जरा बघून सांगा. मिलिग्रॅम प्रति लिटर की प्रति डेसिलिटर?

कृष्णाकाठ | २४ जून, रात्री ७:५८

प्रति डेसिलिटर. नॉर्मलच्या रकान्यात "०.५ च्या आत" असं आहे. म्हणजे?

सूक्ष्मदर्शक | २४ जून, रात्री ८:१२

म्हणजे दहानं गुणा. तुमच्या हॉस्पिटलच्या हिशोबात २४ झाला.

निराश होऊ नका. तीन आठवड्यांनी २४ म्हणजे आपत्ती नाही. पुष्कळांचा तीन आठवड्यांत दहाच्या आत येतो, काहींना सहा-आठ आठवडे लागतात. दिशा खालचीच आहे. पण ही एककांची गफलत मी आठवड्यातून एकदा तरी बघते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. एका आजोबांचे चिरंजीव "१.८ चा १८ झाला" म्हणून धावत आले होते. लॅब बदलली होती, सीआरपी जिथल्या तिथे होता. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. नाहीतर कागदावर तारीख, आकडा आणि एकक तिन्ही लिहून ठेवा.

कृष्णाकाठ | २४ जून, रात्री ८:२०

लिहून ठेवतो. बाबांना सांगितलेलं नाही. पेढे संपू देत.

कृष्णाकाठ | ८ जुलै, रात्री १०:१८

परत आलो. त्याच लॅबचा रिपोर्ट, ५.१, म्हणजे ५१. उतरत होता तो चढला. पाच आठवडे झालेत. तीन दिवस संध्याकाळी कसकस, ९९.८ वगैरे. गुडघा मला परवापेक्षा गरम वाटतोय (हाताची मागची बाजू, पाऊससाहेब), पण खरंच आहे की मनाचे खेळ ते कळत नाही. गावातल्या डॉक्टरांनी फोनवरच पाच दिवसांची अँटिबायोटिकची गोळी सांगितली. आईनं काल रात्री एक आणि आज सकाळी एक घेतली. सर्जन दोन दिवस बाहेरगावी. वर कुणीतरी लिहिलेलं वाचलं की सुरुवातीच्या सहा आठवड्यांत सीमा १०० ची असते. मग ५१ ला थांबू का?

वाटाड्या | ८ जुलै, रात्री १०:२५

थांबू नका. आणि ती गोळी पुढे देण्याआधी सर्जनच्या टीममधल्या कुणाशी तरी आत्ता बोला. माझं ऐका.

सूक्ष्मदर्शक | ८ जुलै, रात्री १०:५२

१०० चं इथे कुणी लिहिलेलं मला दिसत नाही, पण आकडा बरोबर आहे. पहिल्या सहा आठवड्यांत सीआरपीची सीमा १०० आणि सांध्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशींची १०,००० धरतात, कारण ऑपरेशनचाच धुरळा खाली बसलेला नसतो. पण ती सीमा गुणांच्या तक्त्यात मांडायला आहे. "९९ पर्यंत घरी बसा" असा तिचा अर्थ नाही. २४ चा ५१ झाला, ताप आहे, गुडघा गरम वाटतोय. या तिन्हीसाठी उद्या सकाळी माणसानं प्रत्यक्ष बघायला हवं.

गोळीबद्दल. गुडघ्यात जंतू असतील तर पाच दिवसांच्या गोळीनं ते मरत नाहीत, फक्त लपतात. सीआरपी उतरतो, ताप जातो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि पाणी काढलं तर काही उगवत नाही. जुन्या दुखण्यात तर पाणी काढण्याआधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवायला सांगतात. तुमच्याकडे मात्र दोन आठवडे थांबायची चैन नाही. खरोखर जंतुसंसर्ग असेलच तर पहिल्या काही आठवड्यांत सांधा उघडून, धुऊन, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलून मूळ गुडघा वाचवता येतो. थर पक्का झाला की वाचत नाही. म्हणून आज रात्रीच टीमला कळवा. गोळी पुढे द्यायची की नाही हे तेच ठरवतील. पण तुम्ही दोन गोळ्या दिल्यात हे न विसरता सांगा, लोक हे लपवतात.

आणखी एक. आईंना लघवीला जळजळ वगैरे होतेय का? विचारा. ऑपरेशनच्या वेळी नळी घातली होती का? शुगर आहे म्हणून विचारतेय.

कृष्णाकाठ | ८ जुलै, रात्री ११:३०

विचारलं. गप्प बसली. मग म्हणाली, "होतंय आठ दिवस, तुला काय सांगायचं त्यात." मी कपाळावर हात मारून घेतला. सर्जनच्या असिस्टंटशी बोललो, उद्या दहाला बोलावलंय, गोळी थांबवायला सांगितलीय.

आरएची_जुनी_मैत्रीण | ९ जुलै, सकाळी ६:५०

मुलाला सांगायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही, आणि गुडघ्याचं मात्र अख्ख्या गावाला माहीत. आपल्या पिढीच्या बायकांसाठी हे विचारायला घरात कुणी बाईमाणूस लागतं हो. पुढच्या वेळी मावशीला नाहीतर बहिणीला विचारायला लावा.

कृष्णाकाठ | ९ जुलै, रात्री ९:१५

असिस्टंट सरांनी बघितलं. जखम कोरडी, वाकणं शंभर अंशांपर्यंत, पण गुडघ्यात थोडं पाणी आहे. सर्जनशी फोनवर बोलून म्हणाले, लघवीचं असण्याची शक्यता जास्त, पण कृत्रिम गुडघ्याच्या बाबतीत "असेल" वर सोडत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन, सगळं निर्जंतुक करून सुईनं पाणी काढलं. आईला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. लघवीही पाठवली. लघवीत पू-पेशी भरभरून. गुडघ्याच्या पाण्यात पांढऱ्या पेशी १,४००, त्यात न्यूट्रोफिल ५८ टक्के. डॉक्टर, हे कसं?

सूक्ष्मदर्शक | ९ जुलै, रात्री ९:३३

हे छान. पाच आठवड्यांच्या गुडघ्यासाठी आम्ही १०,००० पेशी आणि ९० टक्के न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) यांना घाबरतो. दोन गोळ्यांनी कल्चरचा, म्हणजे जंतू उगवतात का ते बघायच्या तपासणीचा, घोळ होऊ शकतो, पेशींची संख्या मात्र एवढ्यात फारशी फसत नाही. कल्चर चौदा दिवस ठेवायला सांगितलंय ना?

कृष्णाकाठ | ९ जुलै, रात्री ९:३५

मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं. वाटाड्यांची आठवण झाली.

कृष्णाकाठ | २५ जुलै, सायंकाळी ६:००

लघवीत ई. कोलाय नावाचा जंतू निघाला होता, त्याप्रमाणे औषध झालं. तिसऱ्या दिवशी ताप गेला. गुडघ्याच्या पाण्यात चौदा दिवस काहीही उगवलं नाही. आजचा सीआरपी ०.६ प्रति डेसिलिटर, म्हणजे ६. ईएसआर अजून ४८, पण त्या आत्याबाईंना मी आता चहा देऊन बसवून ठेवलंय.

लँकेशायरचा_पाऊस | २६ जुलै, पहाटे ३:१०

वा! आता जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. आणि वाकणं ११० च्या पुढे न्या.

कृष्णाकाठ | २६ जुलै, सकाळी ८:०५

मंगळागौरीला फुगडी घालू का विचारतेय. नाही म्हटलंय. वाटाड्या, वडील कसे आहेत? बरेच दिवस इथे काही लिहिलं नाहीत.

वाटाड्या | २६ जुलै, रात्री ११:४०

विचारलंत, बरं वाटलं. नसेतली सहा आठवड्यांची औषधं झाली, नंतरच्या गोळ्याही संपल्या. गेले दोन आठवडे मुद्दाम काहीच औषध नाही, परवा खुब्यातलं पाणी पुन्हा काढलं. पेशी कमी आहेत, कल्चरची वाट बघतोय. काही उगवलं नाही तर पुढच्या महिन्यात पक्का सांधा बसवतील.

सीआरपी आला ७. आत जंतू होते तेव्हा ६ होता. सरांना दाखवला तर हसले आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. वडिलांना आकड्याचं काही नाही, रात्री मांडी दुखत नाही म्हणतात. दोन वर्षांनी पहिल्यांदा डाव्या कुशीवर झोपले.